कार्बन क्रेडिटचा कायदा आणि शेतकऱ्याची सही



अलीकडे कित्येक गांवीं शहरांतून माणसें येऊं लागलीं आहेत. तीं बी विकीत नाहींत, खत विकीत नाहींत, जमीनही विकत मागत नाहींत. "तुमच्या शेतांतील कर्ब आम्ही विकून देतों, त्याचे पैसे तुम्हांस मिळतील," असें सांगून तीं एक छापील करारपत्र पुढें करतात. कोणी बांधावर झाडें लावण्यास सांगतात, कोणी भातखाचरांतील पाणी मधून मधून काढून टाकण्यास सांगतात, तर कोणी उसाचें पाचट न जाळतां जमिनींतच कुजवावें असें म्हणतात. हा सल्ला बहुधा चांगलाच असतो. प्रश्न सल्ल्याचा नसून त्याखालीं घेतल्या जाणाऱ्या सहीचा आहे.

हा कर्बाचा व्यापार आला कोठून, त्यास सरकारचा कायदा आहे काय, आणि सही करावी कीं न करावी, असें आपल्या कांहीं सभासदांनीं मला विचारलें. मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. शास्त्राचा किंवा व्यापाराचा मला अधिकार नाहीं. परंतु कायद्याचा कागद कोणत्या क्रमानें वाचावा एवढें नोकरीनें मला शिकविलें आहे. त्या शिदोरीवर हा पाठ लिहिला आहे. तो वाचतांना घाई करूं नये. हिशेब आला तेथें पेन्सिल घेऊन तो स्वतः मांडून पाहावा.

१. मूळ कायदा कशासाठीं झाला

आपल्या देशांत सन २००१ मध्यें ऊर्जा संवर्धन कायदा झाला व १ मार्च २००२ पासून तो अंमलांत आला. कमी वीज व कमी इंधन जाळून तेंच काम करून घ्यावें, एवढाच त्याचा मूळ हेतु होता. फ्रिज किंवा पंखा घेतांना त्यावर ताऱ्यांची पट्टी दिसते, ती या कायद्याखालीं स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची होय. पुढें सन २०१२ पासून सिमेंट, पोलाद, कागद, औष्णिक वीज अशा मोठ्या कारखान्यांस ऊर्जाबचतीचें लक्ष्य ठरवून देण्यांत येऊं लागलें. जो लक्ष्याहून अधिक बचत करील त्यास प्रमाणपत्र मिळावें, आणि ज्यास लक्ष्य गांठतां येणार नाहीं त्यानें तें प्रमाणपत्र विकत घ्यावें, अशी ती योजना. बचतीचा कागद करून तो विकण्याची पद्धत आपल्याकडे तेव्हांपासून रूढ आहे.

मध्यंतरीं जगांतील राष्ट्रांनीं हवामानाच्या बिघाडाविषयीं आपापलीं वचनें दिलीं. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वाढतो. भातखाचरें व जनावरें यांपासून मिथेन वायु निघतो. हे वायु सूर्याची उष्णता धरून ठेवतात व त्यामुळें पृथ्वीचें सरासरी तापमान वाढतें. सन २०२१ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथील परिषदेंत भारतानें जाहीर केलें कीं, सन २०७० पर्यंत हवेंत सोडलेला वायु व शोषून घेतलेला वायु यांचा हिशेब शून्यावर आणूं. पुढें ऑगस्ट २०२२ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें दोन आंकडे मंजूर केले. सन २००५ च्या मानानें उत्सर्जनाची तीव्रता २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनीं कमी करावी, आणि वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकीं सुमारें ५० टक्के हिस्सा खनिज इंधनावर न चालणारा असावा.

येथें दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला शब्द 'तीव्रता'. गुऱ्हाळांत हंगामभर एकंदर किती जळण जळलें हा एक हिशेब, आणि एक क्विंटल गूळ करण्यास किती जळण लागलें हा दुसरा. तीव्रता हा दुसऱ्या जातीचा हिशेब आहे. देशाच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागें किती वायु सुटला तें त्यांत मोजतात. तीव्रता कमी होऊनही एकंदर वायु वाढूं शकतो, कारण गुळाचें उत्पादन वाढलें तर क्विंटलमागें बचत करूनही जळणाची रास मोठीच होते.

दुसरा शब्द 'क्षमता'. जून २०२५ अखेर देशाची एकंदर वीजनिर्मितीची क्षमता सुमारें ४,८४,८०० मेगावॅट होती. तिच्यांतील सुमारें २,४२,८०० मेगावॅट, म्हणजे निम्मा हिस्सा, सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ति इत्यादींचा होता. ठरविलेलें लक्ष्य मुदतीच्या पांच वर्षें आधींच गांठलें, ही गोष्ट खरी. परंतु २०२४–२५ सालीं प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. मोट केवढी आहे हें एक, आणि दिवसांत पाणी किती निघालें हें दुसरें. सौर पट्ट्या रात्रीं स्वस्थ असतात, पवनचक्क्या वारा पडला कीं थांबतात. चंद्रपूर, कोराडी किंवा परळी येथील भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते.

२. विधेयक दोन्ही सभागृहांतून कसें गेलें

मूळ कायद्यांत दुरुस्ती करणारें विधेयक ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनीं ३ ऑगस्ट २०२२ रोजीं लोकसभेंत मांडलें. ८ ऑगस्ट रोजीं लोकसभेनें तें मंजूर केलें. राज्यसभेची मंजुरी १२ डिसेंबर २०२२ रोजीं मिळाली, त्याच महिन्यांत राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून कायदा अंमलांत आला. लोकसभेंत मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत पांचच दिवस गेले, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुरुस्तीचे मुख्य भाग चार आहेत. पहिला, मोठ्या कारखान्यांनीं आपल्या गरजेपैकीं ठराविक हिस्सा खनिजेतर साधनांतून भागवावा. या साधनांत हरित हायड्रोजन, जैवभार व इथेनॉल हीं येतात. उसाच्या मळीचें, बगॅसचें किंवा कपाशीच्या पऱ्हाटीचें मोल पुढें वाढलें, तर त्यास हें कलमही एक कारण असेल. दुसरा भाग, कार्बन क्रेडिटचा बाजार उभारण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला. तिसरा, १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या मोठ्या इमारतींस, त्यांत राहण्याच्याही इमारती आल्या, ऊर्जाबचतीचे नियम लागूं करतां येतील. चौथा, वाहनें व जहाजें यांच्या इंधनखपाचीं प्रमाणें ठरवितां येतील. आपल्या बांधापर्यंत येणारा भाग दुसरा. म्हणून या पाठांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

३. वादांत निघालेले तीन प्रश्न

या विधेयकाच्या हेतूस फारसा कोणाचा विरोध नव्हता. भारताचें दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हवेंत आजवर सांचलेला वायु मुख्यतः जुन्या औद्योगिक राष्ट्रांनीं सोडलेला आहे, तथापि आपणही आपल्या परीनें पाऊल उचलावें, याबद्दल साधारणतः एकमत होतें. वाद झाला तो व्यवस्थेबद्दल. त्यांतले तीन प्रश्न शेतकऱ्यानें पाठ करून ठेवण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न: हा बाजार कोणाच्या देखरेखीखालीं असावा? विधेयक ऊर्जा खात्याचें. परंतु कर्बवायु वीजघरांतूनच सुटतो असें नाहीं. तो कारखाना, गाडी, जंगल व शेत या सर्वांशीं संबंध ठेवतो. तेव्हां हें काम पर्यावरण खात्याकडे असावयास नको काय, असें विचारण्यांत आलें. दुसऱ्या कित्येक देशांत तें पर्यावरण खात्याकडेच आहे.

दुसरा प्रश्न: एकाच कामाबद्दल किती कागद निघणार? सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून वीज करणाऱ्यास अक्षय ऊर्जेचें प्रमाणपत्र पूर्वीपासून मिळत आलें आहे. बचत करणाऱ्या कारखान्यास बचतीचें प्रमाणपत्र मिळतें. आतां त्यावर कार्बन क्रेडिटचें तिसरें. एकाच कामावर दोन कागद मिळतील काय, आणि एक कागद देऊन दुसरा घेतां येईल काय, याचें उत्तर विधेयकाच्या मजकुरांत नव्हतें.

तिसरा प्रश्न: फायदा कोणाकडे जाणार व खर्च कोणावर बसणार? कारखान्यावर बसलेला खर्च मालाच्या किंमतींत उतरतो हें सांगावयास नको. त्याचप्रमाणें येथें निर्माण झालेलें क्रेडिट परदेशी कंपन्यांनीं स्वस्तांत विकत नेलें, तर आपलें स्वतःचें वचन पुरें करण्यास आपल्याजवळ काय राहणार, ही शंका निघाली. त्यावर मंत्र्यांनीं सांगितलें कीं, हीं क्रेडिटें देशांतील उद्योगांनींच निर्माण करावयाचीं व देशांतील उद्योगांनींच घ्यावयाचीं. तीं बाहेर पाठविण्याचा विचार नाहीं.

४. कलमांत काय आहे, योजनेंत काय आहे

कचेरींत आम्ही नवीन माणसास पहिला धडा देत असूं तो असा: कायदा म्हणजे घराची चौकट, भिंती, दारें व कड्या नियमांत असतात. या कायद्याचेंही तसेंच आहे. कलमानें सरकारास योजना करण्याचा अधिकार दिला, पण योजना २८ जून २०२३ रोजीं अधिसूचनेनें निघाली. सभागृहांत ज्या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं नव्हतीं, त्यांपैकीं कांहीं तींत सांपडतात. कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे. नोंदवही वीजजाळें चालविणाऱ्या ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया या संस्थेकडे. खरेदीविक्रीवर नियंत्रण केंद्रीय वीज नियामक आयोगाचें. वरच्या सुकाणू समितीचें अध्यक्षपद ऊर्जा खात्याच्या सचिवांकडे असून पर्यावरण खात्याचे सचिव सहअध्यक्ष आहेत. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कर्बवायु, किंवा तितकाच परिणाम करणारा दुसरा वायु, असें माप ठरलें.

प्रथम ही योजना लक्ष्य ठरवून दिलेल्या कारखान्यांपुरती होती. डिसेंबर २०२३ मध्यें तींत दुरुस्ती होऊन, ज्यांच्यावर कसलेंही बंधन नाहीं त्यांनाही स्वखुषीनें प्रकल्प नोंदवून क्रेडिट मिळवितां येईल असें ठरलें. शेतीचा प्रवेश या दारानें होतो. जानेवारी २०२४ मध्यें केंद्रीय कृषी मंत्रालयानेंही शेतीक्षेत्रांतील ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०२५ मध्यें ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या उद्योगांस उत्सर्जनाचीं लक्ष्यें लावण्यांत आलीं. म्हणजे क्रेडिटाचें गिऱ्हाईक हळूंहळूं तयार होत आहे.

यांतून दोन गोष्टी निघतात, व या पाठाचें सार त्यांतच आहे.

पहिली गोष्ट, शेतकऱ्यावर या कायद्यानें कसलीही सक्ती नाहीं. भारतानें सन २०१० मध्यें दिलेल्या ऐच्छिक वचनांत शेतीचें उत्सर्जन हिशेबाबाहेर ठेवलें होतें. सन २०२१ मध्यें ग्लासगो येथें मिथेन कमी करण्याची जागतिक प्रतिज्ञा निघाली, तींतही भारत सामील झाला नाहीं. भात व जनावरें हीं लहान शेतकऱ्याच्या पोटाचीं साधनें आहेत, हें कारण सरकारनें संसदेस सांगितलें आहे. तेव्हां "सरकारी नियम आहे, सही करावीच लागेल," असें कोणी म्हणाल्यास तें खरें मानूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रेडिटचें प्रमाणपत्र कोणास मिळावयाचें, यासंबंधीं कायद्यांतील शब्द 'नोंदणी झालेली संस्था' असा आहे. 'ज्याच्या शेतांत कर्ब सांठला तो,' असा नाहीं. दोन एकरांचा धनी एकटा नोंदणीचा व तपासणीचा खर्च कोठून करणार? म्हणून मध्यें कंपनी येते. शेकडों शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन ती आपल्या नांवें प्रकल्प नोंदविते. प्रमाणपत्र तिच्या हातीं पडतें, आणि त्यांतून शेतकऱ्यास काय मिळावें हें कायदा ठरवीत नाहीं. तें ठरवितें तिनें पुढें केलेलें करारपत्र.

५. शेतांतील कर्बाचा हिशेब

करारपत्राकडे वळण्यापूर्वीं माल किती व त्याचें मोल किती, हें पाहूं.

माती तपासणीच्या पत्रिकेंत 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. समजा, एखाद्या शेतांत तो ०.५० टक्के आहे व शेणखत, हिरवळीचें खत आणि पाचट यांच्या योगानें कांहीं वर्षांत तो ०.६० टक्के झाला. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरांतील माती ठोकळमानानें ७९० टन भरते. तिचा ०.१० टक्का म्हणजे ०.७९ टन कर्ब. एक टन कर्बाचा कर्बवायु होतांना त्याचें वजन सुमारें ३.६७ टन होतें, कारण त्यास हवेंतील प्राणवायु चिकटतो. ०.७९ यास ३.६७ नें गुणिलें असतां २.९ येतात. म्हणजे एकरीं जवळजवळ तीन टनांचीं क्रेडिटें झालीं.

आंकडा बरा दिसतो. परंतु ही वाढ होण्यास पांच वर्षें लागलीं असें धरूं, आणि टनास ५०० रुपये मिळाले असें केवळ उदाहरणासाठीं मानूं. एकरीं एकूण १,४५० रुपये, म्हणजे वर्षास २९०. त्यांतून नमुने काढणें, तपासणी व नोंदणी यांचा खर्च जावयाचा. कंपनीचा वांटा निम्मा धरल्यास शेतकऱ्याच्या हातीं वर्षास एकरीं १४५ रुपयेही पुरे पडणार नाहींत.

दुसरें उदाहरण पंपाचें. ५ अश्वशक्तीचा पंप दिवसास आठ तास चालला तर सुमारें ३० युनिट वीज लागते. वर्षांत शंभर दिवस चालल्यास ३,००० युनिट. आपल्या देशांत एक युनिट विजेमागें सरासरीनें सुमारें ७०० ग्रॅम कर्बवायु सुटतो. तोच पंप सूर्यावर चालविला तर वर्षास सुमारें दोन टन वांचतात. परंतु असा पंप बहुधा सरकारी अनुदानावर बसविलेला असतो. तेव्हां ही बचत शेतकऱ्याची, वीज कंपनीची कीं सरकारची? सभागृहांतील दुसरा प्रश्न हा असा विहिरीच्या कांठावर येऊन उभा राहतो.

भाव कायम राहत नाहीं हेंही ध्यानांत ठेवावें. क्योटो कराराखालीं पूर्वीं असाच एक जागतिक बाजार होता व आपल्या देशांतील शेंकडों प्रकल्प त्यांत होते. सन २००८ च्या सुमारास एका टनास २० युरोंच्या आसपास भाव होता. २०१२ संपतां संपतां तो एका युरोच्याही खालीं गेला. कांद्याचा भाव पडला तर पुढच्या हंगामीं दुसरें पीक घेतां येतें. तीस वर्षांच्या कराराचें तसें नसतें.

या हिशेबाचा अर्थ कर्ब वाढवूं नये असा मुळींच नाहीं. कर्ब वाढलेली जमीन पाणी धरून ठेवते, खत कमी मागते व खंडवृष्टींत पीक तगवून धरते. हा लाभ १४५ रुपयांहून कितीतरी मोठा आहे, आणि त्यासाठीं कोणाच्याही कागदावर सही करावी लागत नाहीं.

६. एका सहीची हकीकत

आतां एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, परंतु तिच्यावांचून हा पाठ अपुरा राहील.

मी नोकरींत असतांना एक वृद्ध खातेदार माझ्याकडे आले. त्यांची सहा एकर वरकस जमीन होती. तिजवर झाडें लावण्याचा करार एका कंपनीनें त्यांच्याशीं केला होता. कागद पुढें करून ते म्हणाले, "भाऊसाहेब, कागद बरोबर आहे ना, एवढें पाहून सांगा." मीं मुद्रांक पाहिला, तारीख पाहिली, गट नंबर सातबाराशीं ताडून पाहिला. सर्व ठीक होतें. मजकूर आठ-नऊ पानांचा होता. मेजावर गर्दी होती. मीं म्हटलें, "बरोबर आहे, तात्या." ते समाधानानें गेले.

चार वर्षांनीं ते पुन्हां आले. त्यांस त्याच गटांत विहीर काढावयाची होती व त्यासाठीं कर्ज हवें होतें. कर्ज देणाऱ्यांनीं उतारा पाहिला. 'इतर हक्क' या रकान्यांत कंपनीचा तीस वर्षांचा हक्क नोंदलेला होता. कंपनीचें संमतिपत्र आणा, असें त्यांस सांगण्यांत आलें. कंपनीच्या पत्त्यावर दुसरेंच दुकान होतें. झाडें निम्मीं वाळलीं होतीं, पैशाचा एकच हप्ता आला होता. करारांत मात्र असें कलम होतें कीं, मुदतींत त्या जमिनीवर खोदकाम अगर बोजा कंपनीच्या लेखी संमतीवांचून करूं नये. तें कलम सहाव्या पानावर होतें. मीं सहावें पान उलटलेंच नव्हतें.

तात्या माझ्यावर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "भाऊसाहेब, तुम्हीं वाचलें होतें ना?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. नियमाप्रमाणें माझी चूक झालेली नव्हती. मुद्रांक बरोबर होता. परंतु ज्यास कागद वाचतां येतो त्यानें तो दुसऱ्यासाठीं शेवटच्या पानापर्यंत वाचावा, हें ऋण माझ्यावर राहिलें. तें फेडण्याचा एक प्रयत्न म्हणून हा लेख आहे.

७. करार वाचण्याची रीत

सभागृहांतील तीनही प्रश्न करारपत्रास लावून पाहावेत. देखरेख कोणाची? एकाच गोष्टीचे दोन कागद होतात काय? फायदा कोणाकडे व भार कोणावर? त्यांस जमिनीच्या भाषेंत मांडलें असतां पुढील सात मुद्दे होतात.

(१) करार मराठींत आहे काय? नसल्यास भाषांतराची सही केलेली प्रत आधीं मागावी. इंग्रजी व मराठी मजकुरांत भेद पडल्यास कोणता ग्राह्य, हें त्यांत लिहिलेलें असावें.

(२) मुदत किती? पिकाच्या पद्धतींतील बदलासाठीं व झाडांसाठीं मुदती वेगळ्या असतात. झाडांचा करार मुलाच्या काळापर्यंत चालतो. म्हणून सही करतांना मुलगा, मुलगी व सहहिस्सेदार यांस जवळ बसवावें.

(३) क्रेडिट कोणाच्या नांवें व कोठें नोंदणार? देशाच्या नोंदवहींत कीं परदेशांतील खाजगी नोंदवहींत? प्रकल्पाचा क्रमांक करारांत लिहून घ्यावा. क्रमांक सांगतां येत नसेल तर प्रकल्प अद्याप जन्मास आलेला नाहीं असें समजावें.

(४) वांटा कशावर? 'निव्वळ उत्पन्नाचा साठ टक्के' आणि 'विक्रीच्या किंमतीचा साठ टक्के' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. निव्वळ उत्पन्न म्हणजे कंपनीनें आपला खर्च वजा केल्यावर उरेल तें. खर्च कोणता, किती व तो कोणी तपासावयाचा, हें कलम नसल्यास साठ टक्क्यांस अर्थ नाहीं.

(५) हाच लाभ दुसऱ्या कोणास दिलेला आहे काय? अनुदानाचा सौर पंप, शासकीय योजनेंतील फळबाग, पूर्वींची लागवड यांबद्दल स्पष्ट विचारावें. आधींपासून उभ्या असलेल्या झाडांवर साधारणतः क्रेडिट मिळत नाहीं; करारामुळें जें नवीन घडलें तेंच मोजतात. जुनी आमराई दाखवून पैसे देऊं म्हणणारा एक तर अडाणी असावा किंवा लबाड.

(६) आग लागली, दुष्काळ पडला, झाडें मेलीं तर भरपाई कोणी करावयाची? नैसर्गिक आपत्तीचा भार शेतकऱ्यावर नाहीं, असें लेखी असावें. पीक बदलण्याची, विहीर काढण्याची, कर्ज घेण्याची व जमीन विकण्याची मोकळीक राहते काय, तेंही येथेंच पाहावें.

(७) करार मोडावयाचा झाल्यास कसा मोडावा, आणि तंटा कोठें चालावा? दूरच्या शहरांतील न्यायालय लिहिलेलें असेल, तर लहान खातेदारानें दाद मागण्याची आशाच सोडावी. तालुक्याचें किंवा जिल्ह्याचें ठिकाण लिहून घ्यावें.

सही झाल्यावर सहा महिन्यांनीं स्वतःच्या सातबाराचा उतारा काढून 'इतर हक्क' हा रकाना अवश्य पाहावा. नोंद झाली असेल तर ती कोणत्या फेरफारानें झाली, त्याची नक्कल घरांत ठेवावी.

८. संस्थेनें काय करावें

कायद्यानें नोंदणी झालेल्या संस्थेस प्रमाणपत्राचा हक्क दिला आहे, हें वर सांगितलें. मग ती संस्था नेहमीं परक्या शहरांतील कंपनीच असावी असें थोडेंच आहे? आपल्या भागांत सहकारी कारखाने, दूध संघ व शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आहेत. ऊस एकट्याच्या नांवें गाळला जात नाहीं, दूध एकट्याच्या नांवें शहरांत जात नाहीं; तसाच कर्बही एकट्यानें विकावयाचा माल नव्हे. आपल्या संस्थेनें प्रथम तीन माणसांची एक वाचन-समिति नेमावी: एक कायदा जाणणारा, एक शेतीशास्त्राचा पदवीधर व एक जुना खातेदार. कोणत्याही सभासदापुढें असें करारपत्र आलें कीं त्याची प्रत समितीकडे यावी व पंधरा दिवसांच्या आंत लेखी अभिप्राय मिळावा. पुढें अनुभव आल्यावर संस्थेनें स्वतः बोलणीं करावींत. पांचशें खातेदार एकत्र बसले कीं सहाव्या पानावरचें कलम बदलतां येतें. एकट्यास तें बहुधा जमत नाहीं.

ज्यांस अधिक वाचावयाचें असेल त्यांनीं संसदेंतील भाषणांचे शब्दशः वृत्तान्त जरूर पाहावेत. ते संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नातवाकडून काढून घ्यावेत.

सारांश

एक: हा कायदा कारखान्यांवर बंधन घालतो, शेतकऱ्यावर घालीत नाहीं.
दोन: प्रमाणपत्र नोंदणी झालेल्या संस्थेस मिळतें; शेतकऱ्याचा वांटा करारावर अवलंबून आहे.
तीन: कर्बाचा पैसा थोडा व अनिश्चित, कर्बयुक्त जमिनीचा लाभ मोठा व खात्रीचा.
चार: मुदत, वांटा, नोंदवही, भार व न्यायालय हीं पांच कलमें समजल्यावांचून सही करूं नये.
पांच: ज्यास वाचतां येतें त्यानें शेजाऱ्यासाठीं शेवटच्या पानापर्यंत वाचावें.

सभासदांनीं आपल्याकडे आलेल्या करारपत्रांच्या प्रती संस्थेच्या कचेरींत आणून द्याव्यात. कचेरी उघडी असतांना मी तेथें बसून त्या वाचून देईन. त्याबद्दल कांहीं घेणार नाहीं.

— एक निवृत्त अव्वल कारकून